चौदा दिवस

माझी भाची कोल्हापुरात एमबीएच्या पहिल्या वर्षाला होती, तेव्हाची म्हणजे २०२५ च्या मार्चमधली ही गोष्ट. तिला विचारूनच लिहितोय. "नाव घालू नका मामू," एवढीच तिची अट आहे.

पुण्यातल्या एका व्यवस्थापन संस्थेत कॉर्पोरेट फायनान्सचा दोन दिवसांचा सेमिनार होता. नुसतं जाऊन बसायचा नव्हे, निवड होऊन जायचा. आधी ऑनलाइन परीक्षा, मग एक पानाचा अर्ज आणि त्यातून चाळीस मुलं. चौघांचा एक गट, गटागटांत स्पर्धा. पहिल्या गटाला उन्हाळ्यात एका मोठ्या कंपनीत दोन महिन्यांचं प्रशिक्षण मिळणार होतं, तेही मानधनासह. आमच्या नात्यात कुणी अशा ठिकाणी गेलेलं नव्हतं. तिची निवड झाल्याचं कळलं तेव्हा आपाने फोनवर आधी रडून घेतलं आणि मग विचारलं, "तिथं राहायची सोय कशी आहे?"

मी उर्दू आणि मराठी शिकवणारा मास्तर. ताळेबंद मला वाचता येत नाही. पण आमच्या घरात कागद म्हटला की तो मामूकडे येतो, तसा तिचा इंग्रजी अर्जही माझ्याकडे आला होता. अर्जाच्या निमित्ताने तिने एक प्रश्न विचारला. तो तिच्या मनात बरेच दिवस असावा.

"मामू, तिथं सगळं व्याजावर चालतं. मी कोणत्या तोंडाने बोलू?"

मग तिने मला समजावलं. कंपनीला पैसा दोन वाटांनी मिळतो. एक भागीदारांचा, म्हणजे शेअरचा, आणि दुसरा कर्जाचा. मोदिग्लियानी आणि मिलर या दोन अर्थतज्ज्ञांनी १९५८ मध्ये मांडलं की कर वगैरे गोष्टी बाजूला ठेवल्या तर पैसा कुठून आणला यावरून कंपनीची किंमत बदलत नाही. पण १९६३ मध्ये त्यांनीच आपल्या मांडणीत करांचा हिशेब नव्याने बसवला. कर्जावरचं व्याज नफ्यातून आधी वजा होतं आणि उरलेल्यावर कर लागतो. भागधारकांना दिलेल्या लाभांशाला ही सवलत नाही. म्हणून कर्ज स्वस्त पडतं. "म्हणजे पुस्तकच सांगतं, कर्ज घ्या. परीक्षकाला हेच उत्तर हवं असणार. आणि अब्बा तर बँकेच्या बचत खात्यावरचं व्याजसुद्धा बाजूला काढून कुणाला तरी देऊन टाकतात."

मी तिला जे सांगितलं ते थोडक्यात असं. शिकणं आणि करणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. शिवाय आपल्याकडच्या जाणत्यांनी हा प्रश्न टाळलेला नाही. डाऊ जोन्सचा इस्लामिक निर्देशांक १९९९ पासून आहे. त्यात कंपनी घेताना तिचं कर्ज बाजारमूल्याच्या ३३ टक्क्यांच्या आत आहे का, हे पाहतात. अजिबात कर्ज नसलेली कंपनी आजच्या बाजारात शोधून सापडत नाही हे मान्य करून त्यांनी ही रेघ ओढली. रेघ पटो न पटो, ती ओढायला ताळेबंद वाचता यावाच लागतो.

आणि अमळनेर. १९४५ मध्ये मोहम्मद हाशम प्रेमजींनी जळगाव जिल्ह्यातल्या या गावात वनस्पती तुपाची कंपनी काढली. तीच पुढे विप्रो झाली. १९६६ मध्ये त्यांचं निधन झालं तेव्हा मुलगा अझीम स्टॅनफर्डमध्ये शिकत होता. वय २१. तो परत आला. पहिल्याच वार्षिक सभेत एका भागधारकाने उठून त्याला सुनावलं की हे तुला झेपणार नाही, विकून मोकळा हो. हा प्रसंग प्रेमजींनी स्वतःच सांगितलेला आहे. "तुलाही कुणी तरी असं म्हणेल. म्हणू दे," मी म्हणालो.

व्याजाच्या भीतीने माझी भाची पुण्याला गेली. अडली मात्र भलत्याच ठिकाणी.

सेमिनार ८ आणि ९ मार्चला होता. रमजानचा पहिलाच आठवडा. पहिल्या दिवशी सकाळपासून व्याख्यानं. भांडवलाचा खर्च, कंपनीचं मूल्य, खेळतं भांडवल. तिला वाटत होती तेवढी अडचण आली नाही. इंग्रजी भराभर होतं, पण गणित ओळखीचं होतं. दुपारी गट पाडले. तिच्या गटात पुण्याची दोन मुलं आणि नागपूरची एक मुलगी. तिघंही वागायला चांगले. ही मराठी माध्यमातली आणि एक्सेलमध्ये तिचा हात बसलेला. साहजिकच आकडे मांडायचं काम हिच्याकडे आलं आणि बोलायचं त्यांच्याकडे.

संध्याकाळी केस हातात आली. नाव बदललेली एक साखर कंपनी. नफा कमी, बँकेचं कर्ज जास्त. कंपनीची किंमत वाढवून दाखवा.

साखरेच्या धंद्याची मूळ अडचण तिला कुणी सांगायला नको होती. ऊस चार-पाच महिन्यांत गाळून होतो, साखर मात्र वर्षभर विकली जाते, तीही केंद्र सरकार दर महिन्याला ठरवून देईल तेवढी. उसाचे पैसे आधी द्यायचे, साखरेचे नंतर येणार. मधला काळ कारखाना साखर बँकेकडे तारण ठेवून काढतो. त्यात साखरेची किमान विक्री किंमत २०१९ च्या फेब्रुवारीत किलोला ३१ रुपये ठरली ती तिथेच थांबली. त्याच काळात उसाची एफआरपी क्विंटलला २७५ रुपयांवरून २०२४-२५ च्या हंगामात ३४० वर गेली. उताऱ्याचा आधार थोडा बदलला, तरी ओढाताण खरीच. कारखाने उगाच रडतात असं मी म्हणणार नाही.

तिने शीट मांडली आणि एकेक आकडा हलवून बघू लागली. साखरेचा भाव वाढवला, फरक पडला. इथेनॉल वाढवलं, फरक पडला. मग ती एका ओळीवर आली. पुरवठादारांची देणी, दिवस १४. तिने १४ चे ६० केले. कंपनीची किंमत एकदम वर गेली.

गणित सोपं आहे. रोज सात हजार टन गाळप आणि टनाला तीन हजार रुपये धरले तर दिवसाचे दोन कोटी दहा लाख होतात. ४६ दिवस पैसे थांबवले की सुमारे ९६ कोटी ६० लाख रुपये कंपनीकडे राहतात. तेवढं कर्ज बँकेकडून काढावं लागत नाही. बँकेचा दर १० टक्के धरला आणि वर्षभराचा हिशेब केला, तर साडेनऊ कोटींहून जास्त व्याज वाचतं. गटातल्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. "हेच आपलं उत्तर," एक जण म्हणाला. ती मला नंतर म्हणाली, "मामू, खोटं कशाला बोलू? मला फार बरं वाटलं. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. आणि त्यात व्याज कुठेच नव्हतं. उलट ते वाचत होतं."

इफ्तारला तिने खोलीवर खजूर खाल्ला, पाणी प्याली आणि घरी फोन लावला.

इथे एक खुलासा करतो. मी बिद्रीत राहतो. दूधगंगा-वेदगंगा कारखान्याची चिमणी आमच्याकडून दिसते आणि हंगामात ट्रॅक्टरच्या रांगा चुकवतच मी शाळेत जातो. पण ही गोष्ट त्या कारखान्याची नाही. आपाचं सासर दुसरीकडे आहे, त्यांचा ऊसही दुसरीकडेच जातो. कुठे ते लिहीत नाही. मुद्दा एका कारखान्याचा नाही.

दुल्हाभाईंचा दोन एकर ऊस. त्या वर्षी ८० टन भरला. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तोड झाली. फोनवर लेकीने इकडचं तिकडचं बोलून सहज विचारलं, "अब्बा, ईदचे कपडे घेतले का?"

"बिल अजून पडलं न्हाई बेटा. पडलं की बघू."

मग त्यांनी दुसरी काळजी सांगितली. सेवा सोसायटीचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर तीन लाखांपर्यंत शून्य टक्क्याला पडतं. मुदत ३१ मार्च. चुकली की व्याज बसणार. "आजवर एकदाबी चुकवली न्हाई," ते म्हणाले. ज्या माणसाने आयुष्यभर व्याज घेतलं नाही आणि द्यायची वेळ येऊ दिली नाही, त्याच्या घरात ते असं मागच्या दाराने शिरत होतं.

तिने तारखा मोजल्या. तोडीला बरोबर साठ दिवस झाले होते. शीटमध्ये तिने दोन तासांपूर्वी हाताने टाकलेला आकडाही तोच.

रात्री तरावीहनंतर मला तिचा फोन आला. "मामू, त्या ओळीत अब्बा होते, मला दिसलेच नाहीत."

मी काय बोलणार? मला जे येतं तेच मी बोललो. मी तिला विचारलं, तुमच्या इंग्रजीत त्या ओळीला काय म्हणतात? ती म्हणाली, "पेएबल्स." म्हणजे देणी. मी म्हणालो, मुलांना प्रयोग शिकवताना मी सांगतो की 'रामाकडून आंबा खाल्ला गेला' आणि 'आंबा खाल्ला गेला' यांत फरक आहे. दुसऱ्या वाक्यात खाणारा पळून गेलेला असतो. तुमच्या ओळीत तर दोघंही नाहीत. देणाराही नाही आणि ज्याला द्यायचं तोही नाही. मग आकडा हलवताना हात थरथरणार कसा?

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पण मामू, नुसतं वाईट वाटतं म्हणून सांगितलं तर ते मला गावाकडची म्हणतील. मला गणितात सांगावं लागेल."

आणि तिने ते गणितात मांडलं. रात्री जागून, सहरीपर्यंत.

१९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात. उशीर झाला तर वर्षाला १५ टक्क्यांनी व्याज द्यावं लागतं. म्हणजे कंपनी बँकेचं १० टक्क्यांचं कर्ज टाळून शेतकऱ्याचं १५ टक्क्यांचं कर्ज घेते. हे मांडलं की साडेनऊ कोटी वाचण्याऐवजी जवळपास साडेचौदा कोटींचा खर्च बसतो. शिवाय पैसे अडकलेला शेतकरी पुढच्या हंगामात ऊस दुसऱ्या कारखान्याला घालतो. गाळप घटतं, यंत्रं बसून राहतात. म्हणजे हा उपाय फायद्याचा नाहीच. तो फायद्याचा एकाच वाटेने होतो. १५ टक्के व्याज द्यायचंच नाही, शेतकऱ्याने ते मागायचं नाही आणि कुणी विचारायचं नाही. सगळी 'वाढलेली किंमत' येते ती कायदा न पाळण्यातून.

सकाळी तिने गटाला हे दाखवलं. मुलांनी ऐकून घेतलं. बरोबर आहे म्हणाले. पण वेळ कमी होता, सगळं सादरीकरण साठ दिवसांवर उभं होतं. शेवटी तोड निघाली की तिचा तक्ता शेवटच्या स्लाइडवर टाकायचा.

सादरीकरणाला दहा मिनिटं होती. शेवटच्या स्लाइडच्या आधीच घंटा वाजली.

तिचा गट दुसरा आला. पहिल्या आलेल्या गटाने देणी पंचाहत्तर दिवसांवर नेली होती.

चहाच्या वेळी तिचा रोजा होता, म्हणून ती बाजूला उभी होती. तिथे तिने धाडस करून एका परीक्षकांना तक्ता दाखवला. बँकेतून निवृत्त झालेले, मराठी बोलणारे गृहस्थ. त्यांनी चष्मा लावून नीट बघितलं आणि म्हणाले, "हे बरोबर आहे. पण चौदा दिवसांचा नियम केसमध्ये दिला नव्हता ना." माणूस वाईट नव्हता. त्यांनी तिच्या शीटचं कौतुकही केलं. पण मला ते वाक्य अजून टोचतं. ज्यांनी केस लिहिली त्यांना तो नियम महत्त्वाचा वाटला नाही. ज्यांनी सोडवली त्यांना माहीत नव्हता. तो माहीत होता फक्त त्या खोलीतल्या एका मुलीला, कारण तिच्या घरी ईदचे कपडे त्यावर अवलंबून होते.

त्याच रमजानमध्ये, १७ मार्चला, मुंबई उच्च न्यायालयाने राज्य सरकारचा फेब्रुवारी २०२२ चा निर्णय रद्द केला. एफआरपी तुकड्यांत द्यायची मुभा त्या निर्णयाने कारखान्यांना दिली होती आणि त्याविरुद्ध राजू शेट्टी न्यायालयात गेले होते. भाचीने मला बातमी पाठवली, खाली एवढंच लिहून: "केसमध्ये आलं."

दुल्हाभाईंचं बिल ईदनंतर पडलं. ३१ मार्चला ईद होती, त्याच दिवशी सोसायटीची मुदत. त्यांनी मुदतीआधी भावाकडून हातउसने घेऊन कर्ज फेडलं आणि ईदला जुनाच कुर्ता धुऊन घातला. बिलात उशिराचं व्याज नव्हतं.

ईदच्या सुट्टीला भाची घरी आली आणि वडिलांसमोर कागद घेऊन बसली. २ लाख ४० हजारांवर १५ टक्के म्हणजे दिवसाला ९८ रुपये. फक्त ८ मार्चपर्यंतचे ४६ दिवस धरले तरी साडेचार हजार होतात. "अब्बा, मागायचे."

"व्याज? तोबा. मला नको."

मी तिथेच होतो. हे व्याज खरोखर रिबा आहे की उशिराची भरपाई, यावर जाणत्यांमध्ये दोन मतं असू शकतात. मी आलिम नाही आणि निकाल देणार नाही. घ्यावं आणि सवाबची अपेक्षा न ठेवता गरजूला देऊन टाकावं, ही वाट बचत खात्याच्या व्याजासाठी आपल्यातले पुष्कळ लोक धरतातच. पण भाची जे म्हणाली ते मला सुचलं नव्हतं.

"अब्बा, तुम्ही मागत नाही, म्हणून ते पैसे कुठे जात नाहीत. ते त्यांच्याकडेच राहतात. तुमचं ईमान त्यांच्या ताळेबंदात नफा म्हणून दिसतं."

दुल्हाभाई काही बोलले नाहीत. आपा चहा घेऊन आली होती, ती तशीच उभी राहिली.

मला त्या रात्री झोप लागली नाही. आपण व्याज या शब्दाला किती जपतो! बँकेच्या दारात पाऊल अडखळतं, मुलीला फायनान्स शिकू द्यावं का यावर चर्चा होते. पण घाम वाळायच्या आत मजुरी द्या, ही शिकवणही आपल्याच घरातली आहे. ऐपत असून देणं लांबवणं हा जुलूम आहे, हेही आपल्याला लहानपणापासून सांगितलेलं आहे. कुराणातली सगळ्यांत लांब आयत, सूरह बकराची २८२ वी, नमाज-रोजाबद्दल नाही. ती देण्याघेण्याबद्दल आहे. मुदत ठरवा, लिहून ठेवा, साक्षीदार घ्या. हे तपशील आपण पाठ करतो आणि हरामाचा विचार आला की एकच शब्द शोधतो. तो शब्द दिसला नाही की निर्धास्त होतो. माझी भाचीही त्या संध्याकाळी तशीच निर्धास्त झाली होती. व्याज वाचत होतं ना! आणि आपल्यातलेही किती जण टेम्पोवाल्याचं भाडं, गवंड्याची मजुरी, कामवालीचा पगार 'बघू पुढच्या आठवड्यात' म्हणून लांबवतात. मीही लांबवलेत.

भाचीला उन्हाळ्यात ते प्रशिक्षण मिळालं नाही. तिने कोल्हापुरातच एका सनदी लेखापालाकडे दोन महिने काम केलं, मानधनाशिवाय. तिला खेळत्या भांडवलावरच पुढे अभ्यास करायचा आहे. दुसऱ्या क्रमांकाचं प्रमाणपत्र फाइलमध्ये आहे. आपाला ते फ्रेम करायचं होतं, तिने करू दिलं नाही.

दुल्हाभाई तीन दिवसांनी तयार झाले. अट घातली की व्याज आलं तर घरात राहणार नाही, गावातल्या शाळेच्या पाण्याच्या टाकीला जाईल. भाचीने अर्ज लिहिला आणि रिवाजाप्रमाणे तो माझ्याकडे आला. मी एकाच ठिकाणी लाल पेन चालवलं. तिने लिहिलं होतं, 'ऊस बिल अदा करण्यास विलंब झाला आहे.' मी ते खोडून केलं, 'आपण माझं बिल उशिरा दिलं आहे.'

दुल्हाभाईंनी वाचलं, पुन्हा वाचलं आणि खाली सही केली.